खुर्चीतला खळगा

आजीने प्रार्थना बंद केली त्याला रविवारी नऊ दिवस झाले, आणि त्या नऊ दिवसांत घरात कुणाचंच काही सरळ झालं नव्हतं. धाकट्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमधले चार जण एकाच सकाळी परीक्षेत नापास झाले. सूनबाई ज्या दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळत, तिथे एका म्हाताऱ्याला दुसऱ्याच म्हाताऱ्याची कवळी दिली गेली, आणि वाईट म्हणजे ती त्याला इतकी चपखल बसली की तो परत द्यायला तयार होईना. नातीला नोकरीच्या मुलाखतीत तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता असं विचारलं, तर तिने खरं सांगितलं.

नऊ दिवसांपूर्वीही असं काहीबाही होतच असे. पण तेव्हा आजी रोज सकाळी एकेकाचं नाव घेऊन वर कळवत असे, त्यामुळे प्रकरण आपल्या हातात नाही, वरिष्ठांकडे गेलंय, असं घरातल्या प्रत्येकाला वाटायचं. आता वर काही कळवलंच जात नव्हतं. ज्याचं त्यालाच निस्तरायचं होतं आणि तशी सवय कुणालाच नव्हती.

थोरल्याचं तर विचारूच नका. गुन्हा त्याचा होता.

खाली सोफे-खुर्च्यांचा कारखाना आणि वर घर, अशी त्यांची रचना. कारखाना आजोबांचा, आता थोरल्याचा. एकतीस वर्षांपूर्वी आजोबांनी एका गिऱ्हाइकासाठी हातांची मोठी खुर्ची बनवली होती. गिऱ्हाईक घर बदलून कुठेतरी निघून गेलं. ते येईपर्यंत कशाला रिकामी ठेवायची म्हणून आजोबा तीत बसले आणि एकतीस वर्षं बसले. चौऱ्याऐंशी किलोचा माणूस रोज संध्याकाळी तीन तास एकाच जागी बसला तर स्प्रिंगा काय आणि काथ्या काय, शेवटी ऐकतातच. खुर्चीत खळगा पडला. डावीकडे जरा जास्त खोल, कारण आजोबा रेडिओकडे कलून बसत.

संध्याकाळी खुर्ची आजोबांची असे आणि सकाळी आजीची. आजी तीत बसत नसे. ती समोर एका छोट्या उशीवर गुडघे टेकायची, दोन्ही कोपरं त्या खळग्यात रोवायची, डोळे मिटायची आणि सुरू व्हायची. आठ महिन्यांपूर्वी आजोबा गेले. खुर्चीत नव्हे, हॉस्पिटलात. तिथेही त्यांनी जाता जाता डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं की या पलंगाच्या गाद्या कुणाकडून घेता. त्यानंतरही आजीची कोपरं रोज त्याच खळग्यात जात होती.

आणि थोरल्याने तो खळगा बुजवला.

प्रेमापोटी बुजवला. धंद्यातल्या माणसाला बसलेली गादी दिसली की त्याचे हात शिवशिवतात. त्यातून आईचा मोतीबिंदू काढायचा होता, त्यासाठी मधली बहीण, ताई, तिला चार दिवस आपल्या गावी घेऊन गेली होती. थोरल्याच्या मनात आलं, आई नव्या डोळ्याने घरात येणार, तिला आधी काय दिसणार, तर ही फाटकी खुर्ची. त्याने तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. जुनं कापड सोडवलं. आत एक कंगवा, शर्टाचं बटण आणि आजोबांच्या हातचे पाच वाकडे खिळे सापडले, ते त्याने पाकिटात घालून ठेवले. नव्या स्प्रिंगा, नवा फोम, वरून गडद तांबडं रेक्झिन, कडेला दुहेरी टाका. आयुष्यात त्याने इतकं चांगलं काम केलं नव्हतं. हे त्याचं एकट्याचं मत नव्हतं. बायकोलाही, म्हणजे सूनबाईंनाही, तसंच वाटलं होतं, आणि त्या सहसा कशाला चांगलं म्हणत नसत.

आजी आली, तिने खुर्चीवरून हात फिरवला, सुरेख झालीय म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुडघ्यांवर बसली, कोपरं टेकली, आणि कोपरं सरकन दोन बाजूंना निघून गेली. हनुवटी गादीवर आपटली. तिने पुन्हा टेकली. पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी ती उठली, स्वयंपाकघरात आली आणि चहा गाळणाऱ्या सूनबाईंना म्हणाली, "होत नाही."

एवढंच. ती रागावली असती तर थोरला वाचला असता. पण ती नेहमीसारखं खायची, प्यायची, टीव्ही बघायची, फक्त प्रार्थना म्हटली की होत नाही म्हणायची, एखादीला जिना चढणं होत नाही तसं. जेवणाआधीचीसुद्धा होईना. पहिल्या दिवशी थोरल्याने केली. अन्नाबद्दल आभार मानता मानता तो खुर्चीवर आला, क्षमा मागायला लागला आणि रडला. सूप गार झालं. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी केली. ती सोळा शब्दांत आटोपली आणि दवाखान्यातल्या फोनच्या सवयीने त्यांनी शेवटी "धन्यवाद, पुढची वेळ कळवते" असंही म्हटलं. त्यानंतर सगळे खाली मान घालून थोडा वेळ गप्प बसत आणि मग खात.

शनिवारी आजीने फोनवर ताईला सांगितलं की मी तुझ्याकडे राहायला येते, तुझा पलंग कठीण आहे, त्यावर कोपरं राहतील. किती दिवस, असं ताईने विचारलं. आजी म्हणाली, बघू. हे 'बघू' थोरल्याने शेजारी उभं राहून ऐकलं. रविवारी सकाळी ताई आली तेव्हा दाराशी आजीची बॅग भरून ठेवलेली होती. दुपारी चारची बस.

*

जुनं सामान परत घालायची कल्पना धाकट्याची. तो नऊ दिवस ताईच्या बाजूचा होता. दादाने विचारायला हवं होतं, असं दोघं रोज एकमेकांना फोनवर सांगत. पण आई खरंच निघाली म्हटल्यावर त्याने बाजू बदलली. आई थोरल्या भावाकडे राहते तोवर ती त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर होती, आणि त्याच्या शर्टांची बटणं तीच लावायची. ताईच्या गावी शर्ट पाठवणं परवडलं नसतं. त्या रविवारी चर्चमध्ये उपासना चालू असताना, तिसऱ्या गीताच्या आडोशाने, त्याने थोरल्याला विचारलं की आतला जुना काथ्या टाकलास का.

थोरल्याने आयुष्यात काथ्या टाकला नव्हता. त्याने समोर बोट दाखवलं. समोर ऑर्गन वाजवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या बाकाची गादी गेल्या महिन्यात चर्चने दुरुस्तीला दिली होती आणि खुर्ची उसवली त्याच आठवड्यात थोरल्याने ती भरली होती. म्हणजे बाई या क्षणी बाबांच्या काथ्यावर बसून वाजवत होत्या. धाकट्याला त्यानंतरचं प्रवचन काही ऐकू आलं नाही.

मंडळी बाहेर पडली. आजीला बाहेरच्या बाकावर नातीजवळ बसवून तिघं भावंडं परत आत गेली. थोरल्याच्या खिशात कात्री आणि वाकडी सुई असतेच. त्याने बाकाच्या खालचा टाका उसवला, ताईने कड धरली, धाकट्याने आत हात घातला. त्याच वेळी चर्चचे पाळकसाहेब विसरलेला चष्मा न्यायला आले. तिघं भावंडं गुडघ्यांवर होती, माना खाली होत्या, आणि या तिघांना एकत्र असं त्यांनी आपल्या इथल्या इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना आधी फार बरं वाटलं. मग त्यांना कात्री दिसली.

धाकटा सांगायला लागला. त्याची सवय अशी की तो प्रत्येक गोष्ट शिकाऊ माणसाला समजावल्यासारखी सांगतो, आधी आरसा, मग ब्रेक, मग गियर. त्यामुळे वेळ लागला. पाळकसाहेब मोठ्या शरीराचे आणि सावकाश ऐकणारे. ते पहिल्या बाकावर बसले, बाक करकरला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

दरम्यान थोरल्याच्या मांडीवर काथ्याचा ढीग जमला होता. तो त्यातून बोटं फिरवत होता.

"हा नाही उपयोगी," तो म्हणाला.

"का? बाबांचाच आहे ना?" धाकट्याने विचारलं.

"आहे बाबांचाच. पण मी पिंजलाय. काथ्या एकदा पिंजला की त्याला काही आठवत नाही."

धाकट्याने मूठभर काथ्या परत आत घातला, अगदी अलगद, झोपलेल्या माणसाचा हात पांघरुणात सारावा तसा. थोरला टाका घालू लागला.

पाळकसाहेबांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. ते म्हणाले की प्रार्थनेला जागा लागत नाही, असं मी या व्यासपीठावरून अकरा वर्षं सांगतोय, आणि ते खरंच आहे. पण मला स्वतःला वॉशिंग मशीन चालू असल्याशिवाय प्रवचन सुचत नाही. मशीन दुरुस्तीला होतं तेव्हा मी तीन रविवार जुनी वाचून दाखवली. कुणाच्या लक्षात आलं नाही, हे वेगळं दुःख. तेव्हा तुमच्या आईला मी काय शिकवणार.

ताई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि अशी बघायला लागली की वर्गात पहिला बाक मागे सरकतो.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "एक विचारू का, राग मानू नका. तुमचं वजन किती?"

*

एकशे बारा.

आजी जरा पुढे होती, नात ताईशेजारी; ताईने गणित रस्त्यात चालता चालताच केलं. एकतीस वर्षं, रोज तीन तास, म्हणजे चौतीस हजार तास, चौऱ्याऐंशी किलोचे. एकशे बारा किलोचा माणूस घेतला तर साडेपंचवीस हजार तासांत काम होतं. अखंड बसला तर दोन वर्षं अकरा महिने. फोम दर किलोमागे असाच सरळ हिशोबाने दबतो असं नाही, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. धाकटा म्हणाला की सुरुवात तरी करू. पाळकसाहेब म्हणाले, मला जेवायला कधी कुणी इतक्या स्पष्ट कारणासाठी बोलावलं नव्हतं, येतो.

घरी आल्यावर पुरुषांनी खुर्ची जेवणाच्या टेबलापाशी ओढली आणि ताई स्वयंपाकघरात गेली, जिथे सूनबाई ओव्हनमधून कोंबडी बाहेर काढत होत्या. फ्रीज कुठे ठेवायचा यावरून भांडण झाल्यापासून या दोघींचं बोलणं जेमतेम होतं. ताईने बटाट्यांचं भांडं उचललं, सूनबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं आणि दुसरं दिलं.

"ताई, आईंना नेऊ नका," सूनबाई कोंबडीकडे बघत म्हणाल्या.

ताईला वाटलं होतं, सुटले एकदाची, असाच चेहरा बघायला मिळेल. तिने तयारीही त्या उत्तराची केली होती. तिने विचारलं की तुम्हाला काय फरक पडतो, उलट हॉल मोकळा होईल. सूनबाईंनी सांगितलं. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी एकदा सकाळी दाराआडून ऐकलं होतं. सासूबाई वर सांगत होत्या की ही नवी मुलगी फटकळ आहे पण तिचे पाय फार दुखतात, तिच्याकडे बघ. सूनबाईंनी पाय दुखतात हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानंतर बावीस वर्षं दोघी भांडल्या, पण सूनबाईंनी कुठलंच भांडण फार लांबवलं नाही. सकाळी आपलं नाव घेणाऱ्या बाईशी किती भांडणार.

"तुमच्या भावाला मी काय काय बोललेय, ते तुम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्याला बोललात तर मला चालणार नाही."

ताई बटाट्यांचं भांडं घेऊन उभी राहिली. तिच्या घरात एक खोली, एक कठीण पलंग, एक खुर्ची आणि वह्यांचे गठ्ठे. तिला स्वतःला कधी प्रार्थना जमली नव्हती. बसली की मन लगेच त्यातली चूक शोधायला लागायचं. पण रोज सकाळी, शाळेची बस पकडताना, आत्ता तिकडे आपलं नाव घेऊन झालं असेल, असं तिला वाटायचं. बस बहुतेक मिळायची. या नऊ दिवसांत चारदा चुकली. आई माझ्याकडे राहायला आली तर मला निदान ते ऐकायला मिळेल, असं तिने शनिवारी फोन ठेवताना मनात म्हटलं होतं आणि मग स्वतःचीच लाज वाटून भावाच्या घरासाठी दुप्पट खाऊ आणला होता. हे ती वहिनीला सांगणार नव्हती.

"मीठ घातलंय का यात?" ती म्हणाली.

"घातलंय."

"बरं."

फ्रीजच्या प्रकरणापासून त्यांच्यातलं हे सर्वांत लांबलेलं संभाषण होतं.

*

नव्या स्प्रिंगांमुळे पाळकसाहेब इतरांपेक्षा चांगले वीतभर उंच बसले होते. टेबल त्यांच्या गुडघ्यांपाशी संपत होतं आणि ताटात बघायला त्यांना व्यासपीठावरून खालची मंडळी बघितल्यासारखं बघावं लागत होतं. नात त्यांच्या समोर होती. तिला हसू आलं नाही, कारण तिला सहसा येत नाही. तिच्या त्या मुलाखतीत हाही मुद्दा निघाला होता.

आजी येऊन बसली. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. सगळे खाली बघत होते. नव्या डोळ्याने तिला फार दूरचंही दिसत होतं.

"पाळकसाहेब वर का बसलेत?" तिने विचारलं.

धाकटा म्हणाला, मानाची जागा. थोरल्याने मीठदाणी सरळ केली. आजीने नातीकडे बघितलं.

"खळगा पाडायला," नात म्हणाली.

मग तिने चौतीस हजार तास, साडेपंचवीस हजार तास, ऑर्गनवाल्या बाई, कात्री, असं सगळं क्रमाने सांगितलं. कुणीतरी टेबलाखालून तिला लाथ मारली. ती पाळकसाहेबांना लागली असावी, कारण ते दचकले. नातीचं सांगून झालं. कोंबडीतून वाफ यायची थांबली होती.

आजीने चमचा उचलला, पुन्हा ठेवला.

"खळग्याचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली. "खळगा नव्हता म्हणून मी कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकली असती, खिडकीवर टेकली असती. मला काय कोपरं टेकायला जागा नाही घरात?"

"मग होत नाही असं का म्हणालीस?" थोरला म्हणाला. नऊ दिवसांत त्याने तिला पहिल्यांदा सरळ विचारलं होतं.

"नाही होत. घसरले ना मी, तेव्हा डोळे उघडले. आणि बघते तर स्टुलावर कुणीच नाही."

टेबलावर कुणालाच काही कळलं नाही. धाकट्याने ताईकडे बघितलं, ताईने थोरल्याकडे. कुठलं स्टूल, असं सूनबाईंनी ओठांनीच विचारलं.

फक्त नातीला कळलं. ती लहानपणापासून हॉलमधल्या दिवाणावर झोपते. या घरात सकाळी काय चालतं हे तिला इतकी वर्षं माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं. आजी गुडघ्यांवर बसली की आजोबा खुर्चीशेजारच्या स्टुलावर चहा घेऊन बसायचे. आजी डोळे मिटून एकेकाचं सांगायची आणि आजोबा फुरके मारत ऐकायचे. चहा संपला की, आजी कुणाच्याही कितव्याही वाक्यात असो, कप खाली ठेवून म्हणायचे, "आमेन. उरलेलं उद्या." आजी चिडायची, अजून धाकट्याचं राहिलंय म्हणायची. देव कुठे जातोय, असं आजोबा म्हणायचे आणि कारखान्यात उतरायचे. रोज. नातीला कितीतरी दिवस आमेनचा अर्थ 'चहा संपला' असाच वाटत होता.

आजोबा गेल्यावर आठ महिने आजीने डोळे उघडलेच नव्हते. कोपरं जागच्या जागी होती, त्यामुळे उरलेलंही सगळं जागच्या जागी असल्यासारखं होतं.

नातीला वाटलं, सांगावं. पण हे आजीच्या वाट्याचं होतं आणि आजी सांगत नव्हती. ती टेबलक्लॉथवरचा एक दाणा बोटाने गोल फिरवत होती.

पाळकसाहेब वरून म्हणाले, "आजी, स्टुलाचं मला माहीत नाही. पण आज आम्ही सहा जण आहोत. आम्ही सगळे ऐकतोय. आणि मी तर कुठे जातच नाही. या स्प्रिंगांमधून मला उठता येईल असं वाटत नाही."

"काम चांगलं आहे," आजी म्हणाली.

"उत्तम आहे," पाळकसाहेब म्हणाले.

थोरल्याने नाक पुसलं.

मग आजीने जे केलं ते या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर कोपरं टेकायची नाहीत हा नियम तिचाच. तिन्ही मुलांनी त्यासाठी लहानपणी चमच्याचा मार खाल्ला होता. धाकट्याने थोरल्याच्या लग्नातसुद्धा खाल्ला होता. आजीने ताट पुढे सारलं, दोन्ही कोपरं टेबलक्लॉथवर रोवली, हात जोडले आणि डोळे मिटले. सूनबाईंनी पटकन मुलीच्या हातातला काटा काढून घेतला.

नऊ दिवसांचं साचलं होतं. आजीने आधी प्रभूला नव्या डोळ्याबद्दल सांगितलं, चांगला आहे, पण आता घरातली जळमटंही दिसतात, ती मी काढू का सुनेला सांगू. मग तिच्या दवाखान्यातला तो म्हातारा. त्याला सुबुद्धी दे, आणि ज्याची कवळी गेली त्याला मऊ अन्न दे. मग धाकट्याची चार पोरं. त्यातला एक उजवं-डावं ओळखत नाही, तो पास झाला नाही हेच बरं, त्याबद्दल आभार. मग नात. हिला नोकरी मिळू दे, पण हिचं तोंड असंच राहू दे, घरात एक तरी पाहिजे. धाकट्याने हळूच एक बटाटा उचलला. ताईने त्याच्या हातावर चापटी मारली, आणि नेमक्या त्याच वेळी आजी तिच्यावर आली. ही सकाळी काही न खाता शाळेत जाते, प्रभू. तिला वाटतं मला माहीत नाही. तिला एकटीला फार मोठी खोली आहे. ताईची चापटी तिथेच राहिली; तिने भावाचा हात धरून ठेवला आणि सोडला नाही. पाळकसाहेबांचंही आलं. यांच्या गुडघ्यांवर वजन येतंय, आणि मागच्या महिन्यातलं ते एक प्रवचन यांनी दोन वर्षांपूर्वीही केलं होतं, पण तेव्हाही चांगलंच होतं. पाळकसाहेबांनी मान आणखी खाली घातली.

कोंबडीवर तुपकट साय धरली होती. आजी श्वास घ्यायला थांबली.

"आणि आता हा थोरला," ती म्हणाली. "प्रभू, याने ना, ह्यांची खुर्ची..."

"आमेन," थोरला म्हणाला.

चाळीस वर्षं त्याने आईचं वाक्य कधी तोडलं नव्हतं. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि कान लाल झाले होते. पुढचं ऐकवलंच नसतं त्याला, चांगलं असो की वाईट.

"जेवण निवलं सगळं, आई," तो म्हणाला. "उरलेलं उद्या."

नातीने मान वर केली. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आजीने तर नव्हतंच. थोरला इतकी वर्षं त्या वेळी खाली कारखान्याचं शटर उघडत असायचा.

आजीने डोळे उघडले, आधी जुना, मग नवा. ती मुलाकडे बघत राहिली, इतका वेळ की त्याने भीतभीत एक डोळा किलकिला केला.

"अजून तुझं राहिलं होतं," ती म्हणाली. चिडून म्हणाली.

"देव कुठे जातोय," थोरला पुटपुटला.

आजीने कोपरं टेबलावरून काढली, टेबलक्लॉथची चुणी हाताने साफ केली आणि ताट जवळ ओढलं. मग तिने नाक ओढलं आणि ताईला सांगितलं की जेवण झालं की त्या बॅगेतले माझे कपडे काढून ठेव, चुरगळतील. आणि तूही आजची राहा. उद्या सकाळी तुझं आधी घेते, मग खाऊन बस पकड. ताई म्हणाली, बघू. तिने धाकट्याचा हात सोडला. धाकट्याने बटाटा तोंडात टाकला. सूनबाई उठून कोंबडी पुन्हा गरम करायला घेऊन गेल्या आणि जाताना नवऱ्याच्या खांद्यावर इतकं हलकं थापटलं की त्याला ते उद्या सकाळपर्यंत पुरलं असतं. नातीने कोपऱ्यातलं स्टूल बघितलं. ते जरा डुगडुगत होतं. थोरल्याला दाखवायला हवं होतं. पण मग तो ते दुरुस्त करेल, असं तिच्या मनात आलं, आणि ती गप्प बसली.

"मी आता उठलो तर चालेल का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

ताईने घड्याळात बघितलं.

"पंचवीस हजार चारशे नव्व्याण्णव तास राहिलेत," ती म्हणाली, आणि बटाट्यांचं भांडं त्यांच्याकडे वर उचलून धरलं.